चौथा चिमटा

गेल्या मे महिन्यात फुटलेल्या एका बॅटरीबद्दल ‘ही चालकाच्या चुकीने फुटली’ असे मी माझ्या लेटरहेडवर लिहून द्यावे, अशी गाडीमालकाची मागणी होती. मी अकोल्यात गाड्यांच्या विजेची कामे करतो. आल्टरनेटर (धावत्या इंजिनवर वीज बनवून बॅटरी भरणारे यंत्र), सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), वायरिंग आणि बॅटऱ्या एवढाच माझा प्रांत, आणि लेटरहेडवर आजवर बिलाखेरीज काही लिहिण्याची वेळ आली नव्हती. मागणी आली तेव्हापासून तो प्रसंग मी मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहत आहे आणि त्याची एक गाठ अजून सुटलेली नाही.

लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या आवारातून येणारे फोन आम्हाला पाठ झालेले असतात. गाडी उन्हात उभी असते, इंजिन बंद, चावी अर्धी फिरवलेली, आत गाणी आणि एसीचा पंखा पूर्ण वेगाने सुरू, आणि कार्यालयातल्या उकाड्याला कंटाळलेली पोरे सीटवर पसरलेली असतात. इंजिन बंद असताना एसी गार करत नाही, पण त्याचा पंखा एकटाच दहा-पंधरा अँपियर ओढत राहतो, हे त्या पोरांना ठाऊक नसते आणि चालकाला ठाऊक असले तरी वऱ्हाडातल्या पोरांना गाडीतून उतरवण्याची त्याची छाती होत नाही. मूर्तिजापूर रस्त्यावरच्या एका कार्यालयातून आलेला फोन अगदी असाच होता. अमरावतीहून वऱ्हाड घेऊन आलेली सात आसनी डिझेल गाडी. सेल्फ फिरत नव्हता, नुसता टक्-टक् करत होता. मी निघतो आहे, तोवर सेल्फ मारू नका आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल जोडू नका, असे मी सांगितले. परतीची घाई असलेल्या पंधरा माणसांच्या गराड्यात उभ्या असलेल्या चालकाने ते ऐकावे, ही अपेक्षा फोन ठेवतानाच मला फारशी नव्हती.

मी पोहोचलो तेव्हा स्फोट होऊन थोडाच वेळ झाला असावा. बोनेट उघडे होते, ॲसिडचा नाकात झोंबणारा वास होता आणि बॅटरीच्या झाकणाचे काळे तुकडे पार मांडवाच्या कनातीपर्यंत उडाले होते. चालकाच्या दोन्ही हातांवर शिंतोडे उडाले होते, पण डोळ्यांवर उन्हाचा चष्मा असल्याने तो वाचला. शेजारी बोनेट धरून उभ्या असलेल्या मदतनीस मुलाच्या डाव्या डोळ्यात ॲसिड गेले होते. तो डोळा गच्च मिटून बसला होता, एक गृहस्थ वाटीत दही घेऊन उभे होते, आणि ॲसिडवर सोडा चालतो हे कुठेतरी अर्धे ऐकलेले दुसरे गृहस्थ खायचा सोडा डोळ्यात घालायला निघाले होते. मी दोघांनाही बाजूला केले, वऱ्हाडींसाठी ठेवलेले पिण्याच्या पाण्याचे जार मागवले, मुलाला आडवे निजवून पापणी बोटांनी उघडी धरली आणि वीस मिनिटे सतत धार धरली. तो ओरडत होता आणि बायका मला पुरे करा म्हणत होत्या. या कामात पाणी भरपूर आणि लगेच हवे, दवाखाना त्यानंतर. सोड्याचे काम बंपरवर आणि फरशीवर होते. तिथे तो मी नंतर टाकला आणि तो फसफसलाही. मुलाचा डोळा वाचला.

चालक मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “भाऊ, लालले लाल अन् काळ्याले काळी लावली. उलटं काहीच नाही केलं.” ते खरेच होते. केबल उलटी लागली नव्हती. मदतीला घेतलेली गाडीही १२ व्होल्टचीच होती. गर्दीतल्या एकाने शेजारी उभ्या ट्रकवरून जोडा असे सुचवले होते, ते त्याने शहाणपणाने नाकारले होते, कारण ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि ते कारच्या इलेक्ट्रॉनिक्सवर आले की पुढचा खर्च बॅटरीच्या किमतीत मोजता येत नाही. लालला लाल, काळ्याला काळी हा नियम त्याने तंतोतंत पाळला होता आणि अडचण तिथेच होती, कारण हा नियम केबलच्या चार चिमट्यांपैकी तीन चिमट्यांपुरताच खरा आहे.

पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, तिसरा, म्हणजे काळा, चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर. चौथा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर लावायचाच नसतो. तो त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर, इंजिन उचलण्याच्या हुकावर किंवा जाड ब्रॅकेटवर, बॅटरीपासून हातभर दूर आणि डिझेलच्या नळ्या टाळून लावायचा असतो. शेवटची जोडणी झाली की विजेचे मंडल पूर्ण होते आणि तिथे ठिणगी पडतेच. ती टाळता येत नाही, फक्त ती कुठे पडावी हे ठरवता येते. जोडताना दोन्ही गाड्या बंद असाव्यात. जोडल्यावर चांगली गाडी सुरू करून, रेस किंचित वाढवून, चार-पाच मिनिटे थांबावे आणि मगच दुसरीचा सेल्फ मारावा, तोही एका वेळी पाच-सात सेकंदच. काढताना उलट क्रम, म्हणजे इंजिनवरचा काळा चिमटा सर्वांत आधी. मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत ही चार-पाच मिनिटे मावत नाहीत, म्हणून ती कापली जातात, आणि चौथा चिमटाही बहुधा बॅटरीवरच दिसतो. इथे तर मदतीची गाडी सुरू ठेवूनच जोडणी झाली होती. एका बाजूला चौदा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला जेमतेम दहा-अकरा. ठिणगी चांगलीच मोठी पडली असणार.

एवढे पाहून मीही त्या दुपारी मनात निकाल देऊन टाकला होता: चिमटा बॅटरीवर, ठिणगी बॅटरीवर, बॅटरीतून निघून वर साचलेला हायड्रोजन, विषय संपला. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो. इतका मोठा पल्ला असलेले वायू थोडे. पण दुसऱ्या दिवशी मी ते अवशेष दुकानात टेबलावर मांडले आणि निकाल डळमळीत झाला.

पहिली गोष्ट पाण्याची. शाबूत राहिलेल्या सेलांत, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांत, शिशाच्या प्लेटांचा वरचा एक तृतीयांश भाग कोरडा होता आणि त्यावर तपकिरी पट्टा चढला होता, म्हणजे पाणी आदल्या दिवशी उतरलेले नव्हते, कित्येक महिने खाली राहिले होते. बॅटरीवर ‘मेंटेनन्स फ्री’ छापलेले होते आणि ग्राहक त्याचा अर्थ ‘हिच्याकडे पाहूच नका’ असा घेतात. झाकणातला रंग दाखवणारा डोळा हिरवा होता, असे मालक फोनवर ठासून सांगत होते. असेलही, तो डोळा सहा सेलांपैकी एकाच सेलात बसवलेला असतो आणि उरलेल्या पाचांबद्दल तो काहीच सांगत नाही. पाणी उतरले की प्लेटांच्या वर मोकळी जागा वाढते, आणि वाढलेल्या जागेत वायूच साचतो.

पाणी का उतरले, हे गाडीने सांगितले. नवी बॅटरी बसवून इंजिन सुरू केले आणि मल्टिमीटर लावला, तर चार्जिंग १५.४ व्होल्ट. ते १३.८ ते १४.५ च्या आत असावे. वर गेले तर कटआउट, म्हणजे आल्टरनेटरमधला रेग्युलेटर, कामातून गेलेला असतो. भरलेल्या बॅटरीत जादा गेलेला प्रत्येक अँपियर-तास पाण्याचे विघटन करतो आणि प्रत्येक सेलमधून सुमारे ०.४२ लिटर, म्हणजे सहा सेल मिळून अडीच लिटर हायड्रोजन निघतो. अमरावतीहून अकोल्यापर्यंत दोन तास पाच अँपियर जादा गेले असे धरले, तर पंचवीस लिटर हायड्रोजन आणि वीस ग्रॅम पाणी एका खेपेत उडाले. बरेचसे वायूमार्गातून बाहेर जाते, पण सेलात उरते तेवढे पुरेसे असते. त्यात आमच्याकडचा मे महिना. बाहेर ४५ अंश असताना बोनेटखाली काय असेल ते बोलायलाच नको. थंडीत बॅटरी अशक्त होते हे सगळ्यांना माहीत असते, कारण गाडी सकाळी सुरू होत नाही. उन्हाळ्यात ती मरते हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मरण हळूहळू येते.

चिन्हे तर कधीची दिसत होती. हेडलाइटचे बल्ब वर्षभर वारंवार उडत होते, आणि ते बल्ब विकणाऱ्याच्या नावाने बोटे मोडून बदलले जात होते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर होता. बॅटरीच्या कुशी फुगल्या होत्या. याआधीची बॅटरीही वॉरंटीच्या आत गेली होती आणि ती बदलून देणाऱ्याने चार्जिंग मोजण्याचे एक मिनिटाचे काम केले नव्हते. बॅटरी विकायची आणि आल्टरनेटर तपासायचा नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. त्याहून वाईट खोड म्हणजे इंजिन सुरू असताना टर्मिनल काढून ‘आल्टरनेटर चालू आहे का’ ते पाहणे. बॅटरीचा आधार सुटला की क्षणभर कित्येक पट व्होल्टेज उसळते आणि आल्टरनेटरचे डायोड, रेग्युलेटर, ईसीएम (इंजिनचा संगणक) असे जे नाजूक असेल ते त्याखाली सापडते. या गाडीचा रेग्युलेटर असाच कुणाच्या तपासणीत गेला असेल, अशी मला शंका आहे. सिद्ध करता येणार नाही.

खरी गाठ तिसऱ्या सेलात होती. बॅटरी बसवण्याच्या बैठकीवरची लोखंडी पट्टी गायब होती आणि बॅटरी पुठ्ठ्याची घडी घालून दाबून बसवली होती. अशी बॅटरी खड्ड्यागणिक हादरते आणि प्लेटांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या हळूहळू तुटतात. तिसऱ्या सेलातली पट्टी तुटलेली होती. तुटीचा अर्धा भाग करडा, जुना, ॲसिडने खाल्लेला. अर्धा चकचकीत, आणि त्याची कड वितळून गोल झालेली. म्हणजे तिथे आतमध्ये ठिणगी पडली होती, तीही प्लेटांच्या वर, कोरड्या जागेत, वायूच्या ऐन मध्यभागी. चिमट्याच्या दातावरही वितळलेला मणी होता आणि निगेटिव्ह टर्मिनलवर खड्डा होता. म्हणजे ठिणगी बाहेरही पडली होती.

दोन्ही एकाच क्षणी पडल्या असणार, कारण चौथा चिमटा टेकला त्याच क्षणी आतल्या अर्धवट तुटलेल्या पट्टीतून प्रवाह धावला. मग स्फोट कोणत्या ठिणगीने झाला? बाहेरची ज्वाला आत शिरू नये म्हणून अशा बॅटरीच्या वायूमार्गात सच्छिद्र चकती बसवलेली असते. ती चकती शाबूत सापडली असती तर बाहेरच्या ठिणगीवर संशय घेणे मला कठीण गेले असते. मी तुकडे गोळा करायला संध्याकाळी परत गेलो, तोवर पुढच्या लग्नासाठी आवार झाडून लख्ख झाले होते. मला सर्वांत छळणारी गोष्ट अशी की, त्या चालकाने चौथा चिमटा इंजिनवर लावला असता तरी आतून तितकाच प्रवाह गेला असता आणि आतली ठिणगी तशीच पडली असती. नियम पाळला असता तरी बॅटरी फुटली असती, हे शक्य आहे. फरक एवढाच पडला असता की, त्याचे हात आणि चेहरा टर्मिनलपासून हातभर दूर असते. मुलाचा डोळा तेव्हाही तिथेच असता.

आधी सेल्फ मारताना पट्टीत ठिणगी का पडली नाही, असे मालकांनी विचारले. प्रश्न योग्य होता. माझे उत्तर असे की, तेव्हा पट्टी अजून थोडी धरून होती आणि सेल्फच्या प्रत्येक झटक्याने उरलेला भाग तापून आणखी सुटत गेला.

शेवटी मी लेटरहेडवर लिहिले: चार्जिंग १५.४ व्होल्ट, रेग्युलेटर सदोष. सेलांतील पाणी दीर्घकाळ कमी. बॅटरी धरणारी पट्टी नाही. तिसऱ्या सेलातील जोडपट्टी आधीपासून अंशतः तुटलेली. केबलची शेवटची जोडणी चुकीच्या जागी, मदतीची गाडी सुरू असताना. वायू कोणत्या ठिणगीने पेटला हे उपलब्ध अवशेषांवरून सांगता येत नाही. मालकांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “मग पगार कोणाचा कापू? रेग्युलेटरचा?” कागद त्यांनी खिशात घातला. रेग्युलेटर त्यांनी माझ्याकडून बदलून घेतला नाही. तो अमरावतीलाच बदलू, असे म्हणाले.

चालकाने ती नोकरी सोडली. परवा त्याचा फोन आला होता. नव्या मालकाच्या गाडीसाठी केबल घ्यायची आहे, बाजारात ‘१००० अँपियर’ छापलेली स्वस्तात मिळते, घेऊ का, असे विचारत होता. त्या केबलला जाडी रबराची असते आणि आत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. डिझेलचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपियर मागतो, तेव्हा ती तापते आणि चिमटे मऊ पडतात. मी त्याला शुद्ध तांब्याची, २५ चौरस मिलिमीटरची, तीन मीटर लांबीची घ्यायला सांगितले, आणि नव्या गाडीचे चार्जिंग मोजायला गाडी माझ्याकडे घेऊन ये म्हटले. रविवारी येतो म्हणाला आहे.