चार इंच कापलेला दांडा

गाडीच्या आधी मला त्या पोराचा डावा तळहात दिसला. अंगठ्याखालच्या मांसावर रुपयाच्या नाण्याहून लहान असा गोल, काळानिळा वण, आणि त्याच्या कडेला आट्यांच्या तीन बारीक रेघा उठलेल्या. गिअरच्या दांड्याचं उघडं टोक तिथं रुतलं होतं.

शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. दोन गाड्या आत आणि एक दारात, एवढीच जागा. शेजारी लेथवाला असल्यामुळे नको तिथं कापलेले, वाकवलेले, जोडलेले भाग माझ्याकडे बरेच येतात. पण त्या मंगळवारी बापलेक ज्या अवस्थेत गाडी घेऊन आले, तसं मी आधी पाहिलं नव्हतं. गिअरच्या नॉबच्या जागी लॉकिंग पक्कड आवळलेली होती. पक्कडीची मूठ धरून गिअर टाकत ते गगनबावड्यापासून कोल्हापूरपर्यंत आले होते.

"मिस्त्री, ह्याला जरा समजवून सांगा," वडील म्हणाले. "माझं ऐकत न्हाई."

पोरगा वीस-एकवीसचा. मान खाली. "काका, शिफ्टिंग फास्ट पाहिजे होतं," एवढंच बोलला.

हकीकत हळूहळू बाहेर आली. दांडा आखूड केला की गिअर झटपट पडतात, हे त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं. घरीच, गाडीत बसून, अँगल ग्राइंडरनं वरून चार इंच उडवले. दांडा 12 मिलिमीटर जाड आणि नॉबचे आटे 10 चे, म्हणून उरलेलं टोक ग्राइंडरनंच घासून बारीक केलं. मग हार्डवेअरच्या दुकानातून 10 ची डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, आणून आटे पाडले. दुकानात नुसती '10 ची' मागितली की 1.5 पीचची, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतराची, मिळते. नॉबचे आटे होते 1.25 चे. नॉब तीन फेऱ्यांनंतर अडला, ह्यानं पान्ह्यानं पिळून बसवला. आतले आटे तिथंच फाटले, पण नॉब बसल्यासारखा दिसला. आठवडाभर टिकलाही.

रविवारी घरची सगळी मालवणला निघाली. करूळ घाट उतरताना वळणाआधी ह्यानं तिसऱ्यावरून दुसरा घ्यायला दांडा ओढला आणि नॉब हातात आला. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढे उतार, मागच्या सीटवर आई आणि बहीण. ह्यानं उघड्या टोकावर तळहात दाबून गिअर टाकायचा प्रयत्न केला, तोच तो वण. गिअर पडला नाही. ब्रेक आणि हँडब्रेक लावत त्यानं गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला लावली. हे सांगताना वडिलांचा आवाज बसला. मीही क्षणभर काही बोललो नाही.

मग गाडीकडे वळलो. पुढच्या काचेला आतून हात फिरवला तर खरखर लागली. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतल्या होत्या, त्या आता निघणार नाहीत. बुटाचं, म्हणजे दांड्याच्या बुडाभोवतीच्या आवरणाचं, रेक्झिन दोन ठिकाणी जळलेलं. बूट वर केला, दांडा सोडवून बाहेर काढला, आणि खरं नुकसान दिसलं. दांडा ज्या गोळ्यावर डोलतो, त्या गोळ्याखाली नायलॉनची वाटी असते. ती पिवळी पडून लंबगोल झाली होती. वर लोखंड कापताना त्याची धग दांड्यातून खाली उतरते. कापताना दांडा गार करायला ओलं फडकंसुद्धा गुंडाळलेलं नव्हतं.

"गिअर कसा पडत होता?" मी विचारलं.

"घट्ट. पण मला वाटलं, आखूड झालाय म्हणून फील चांगला आलाय."

मी त्याला वही दिली आणि पट्टी त्याच्याच हातात दिली. मोजायला लावलं. गोळ्यापासून वर नॉबच्या मध्यापर्यंत मूळ लांबी 300 मिलिमीटर, गोळ्यापासून खाली गिअरबॉक्सकडे जाणारा शिफ्ट रॉड जोडतो तिथपर्यंत 60. म्हणजे पाचास एक. खालचं टोक पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना 25 मिलिमीटर सरकत असेल, तर वर हात 125 फिरणार. आता वरचे 100 गेले. राहिले 200. हात 83 च फिरणार, हे खरं. पण जोर लागणार दीडपट. तरफेचा नियम आहे, तो गाडीच्या कंपनीचा नाही. ज्यांना खरा शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी हालचालीत गिअर टाकणारा दांडा, करायचा असतो ते बऱ्याचदा गोळ्याची जागा वर घेतात किंवा खालचा भाग लांबवतात, म्हणजे नॉब हाताच्या उंचीवरच राहतो. जोर त्यातही वाढतो, पण हात खाली शोधत जावा लागत नाही. ह्याच्या गाडीत चौथा टाकताना बोटं हँडब्रेकच्या कव्हरला घासत होती.

आणि गिअर लवकर पडणं हे नुसतं दांड्यावर नसतं. गिअरबॉक्सच्या आत पितळी सिंक्रो रिंग असते. ती गिअरचं चाक आणि शाफ्ट ह्यांचे फेरे सारखे करते, तोवर गिअरला आत जाऊ देत नाही. त्या क्षणाला वेळ लागतोच. हातानं घाई केली की रिंग जास्त जोरात घासते, एवढाच फरक. हे त्याला कळायला हवं होतं, कारण त्याची हौस खोटी नव्हती. त्याला ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोटारींच्या शर्यतीत, उतरायचं होतं. इंजिनाचे आकडे पाठ होते, टायरचं प्रेशर स्वतः बघायचा. अशा पोराला 'हात लावू नको' सांगून भागत नाही.

गाडी जॅकवर घेतली, खाली सरपटलो आणि शिफ्ट रॉडचं टोक हलवलं. खुळखुळा! जोडातले दोन्ही बुश, म्हणजे रॉड घट्ट धरणाऱ्या आतल्या नळ्या, झिजून संपले होते. गाडी पंधरा वर्षांची, बुश बहुधा कधीच बदललेले नसावेत. तिसऱ्यात टाकलेली असतानाही मूळ दांडा दोन बोटं इकडेतिकडे हलत असणार. पोराला जो लांबलचक, ढिला शिफ्ट नको होता, त्यातला बराचसा ढिलेपणा इथं होता. त्यालाही खाली बोलावलं, त्याच्या हातानं रॉड हलवायला लावला. तो बराच वेळ हलवत राहिला.

"हे आधी बघायला पाहिजे होतं," म्हणाला.

कापलेला तुकडा त्यानं जपून ठेवला होता, हे फार बरं झालं. त्यावर कारखान्याचे मूळ आटे शाबूत होते. वडिलांचा आग्रह होता की दांडा होता तसा पूर्ण करा. पोरगा काहीच म्हणाला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी वडिलांना म्हटलं, दीड इंच कमी ठेवू, 260 करू. हात 108 फिरेल, जोर जेमतेम पंधरा टक्के जास्त. नव्या बुशवर हे धोक्याचं नाही, त्याची जबाबदारी माझी. ते तयार झाले.

तुकड्याचा आट्याकडचा 60 चा भाग घेतला. लेथवर दोन्ही टोकं चौरस करून घेतली, जोडासाठी खाच पाडली, वरून 40 मिलिमीटर लांबीची पोलादी स्लीव्ह, म्हणजे नळी, चढवली. वेल्डिंग बाकावर, व्हाइसमध्ये. दांडा गाडीत असताना वेल्डिंग मारायचं नाही, करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगला बारीक खड्डे पडतात. वेल्ड झाल्यावर पोरानं पाण्याची बादली पुढे केली. मी हात धरला. पाण्यात बुडवलं की जोड ठिसूळ होतो, आपोआपच गार होऊ द्यायचा. तेवढ्या वेळात चहा आला. वडील पहिल्यांदाच स्टुलावर बसले.

नवी वाटी, दोन बुश, ग्रीस. नॉब नवा, 1.25 चा, हातानं शेवटपर्यंत फिरला. पक्कड लागलीच नाही.

जोतिबाच्या चढाला गाडी त्यालाच चालवायला लावली. मी शेजारी, वडील मागे. पहिल्याच वळणावर त्यानं तिसऱ्यावरून दुसरा घेतला. टक्‌ असा बारीक आवाज आला आणि दांडा जागेवर थांबला, हलला नाही. तो काही बोलला नाही. पुढच्या वळणावर त्यानं गरज नसताना पुन्हा एकदा तेच केलं.

परत आल्यावर माझ्या वहीतले आकडे त्यानं मोबाइलमध्ये टिपून घेतले, पीचसकट. जाताना गाडीत बसला आणि आधी नॉब पिळून बघितला, डावीकडे, मग उजवीकडे. फिरला नाही. मग त्यानं चावी फिरवली.