आमची वाटचाल : जुलैची यादी, डिसेंबरचा वर्ग

पोरं मध्येच कॉलेज सोडायला लागलीत हे वेळीच दाखवणारं सॉफ्टवेअर आज आम्ही कॉलेजांना देतो, पण सुरुवात वेगळीच होती. २०११ साली कराडात मी आणि माझ्या मेहुण्यानं फ्लेक्स छपाईचं मशीन टाकलं. शिक्षणाशी आमचा संबंध एवढाच, की मे महिना लागला की इंजिनिअरिंग कॉलेजांचे बोर्ड छापायचे. वर 'प्रवेश सुरू', खाली हातात पुस्तक धरलेली हसरी मुलगी. तीच मुलगी आम्ही चार कॉलेजांना वापरली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा कॉलेजं उदंड झाली होती आणि मुलं कमी पडत होती. विनाअनुदानित कॉलेजातले प्राध्यापक भर उन्हात दुचाकीवरून गावोगाव फिरायचे, कारण प्रत्येकाला टार्गेट असायचं. त्यातल्याच एकानं विचारलं, "छपाई करताच आहात, तर पोरंही आणून द्या की." आम्ही आणायला लागलो. बारावीच्या मुलांच्या मोबाईल नंबरांच्या याद्या विकत मिळायच्या. त्या कुठून यायच्या हे आम्ही विचारलं नाही. दोन पोरी फोनवर बसवल्या आणि दर प्रवेशामागे पैसे घ्यायचे ठरलं. धंदा झकास चालला, हे कबूल करतो.

२०१८च्या मार्चमध्ये ढेबेवाडी खोऱ्यातले एक गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या मुलाचा प्रवेश आम्हीच करून दिला होता. कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांत त्याचा नंबर नक्की लागला असता, पण थांबायला नको म्हणून आमच्या माणसानं त्याला संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेजानं स्वतः भरायच्या जागेवर बसवलं आणि 'स्कॉलरशिप बसेल' असं वर सांगितलं. ती बसणार नव्हतीच. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असून भागत नाही, प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. पूर्ण फी अंगावर आली, बाकी थकली, परीक्षेचा फॉर्म अडला आणि पोरगं घरी बसलं. ते गृहस्थ भांडले नाहीत. "त्याची कागदं कॉलेजात अडकलीत, तेवढी सोडवून द्या," एवढंच म्हणाले. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायची नाहीत असा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा नियम आहे, तरी दोन अर्ज आणि चार हेलपाटे लागले. आमच्या वहीत मात्र तो मुलगा 'प्रवेश पूर्ण' या रकान्यात होता आणि त्याचे पैसेही आम्हाला मिळाले होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही एका कॉलेजातून निवृत्त झालेले हेडक्लार्क भाऊसाहेब यांना सोबत घेतलं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही आणलेली पोरं दुसऱ्या वर्षात किती गेली?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे कॉलेजांकडेही नव्हतं. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागा थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाल्यांना मिळतात, त्यामुळे वर्ग पुन्हा भरलेला दिसतो. गळालेली पोरं त्या गर्दीत झाकली जातात आणि अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएची समिती यायच्या वेळी एकही विषय न राहता पास झालेल्यांचा हिशोब मागितला, की मग प्राचार्यांची धावपळ सुरू होते.

भाऊसाहेबांनी एका कॉलेजाची जुनी हजेरीपत्रकं आणि फीच्या पावत्या समोरासमोर लावल्या. आमचा समज होता की पोरं गणितात आपटतात म्हणून सोडतात. एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित पाडतंच, पण एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढे जाणारी पोरंही भरपूर असतात. सोडणाऱ्यांचं वेगळंच दिसलं. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्जच भरलेला नाही, नाहीतर नॉन-क्रिमिलेयरचा दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून अडकलेला. कॉलेज आणि शाखेच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म नेटकॅफेवाल्यानं त्याच्या अकलेनं भरलेला, म्हणून कॉम्प्युटर हवं असलेलं पोरगं सिव्हिलला बसलेलं. आणि या पोरांची हजेरी दिवाळीच्या आधीच तुटलेली असायची. नापास व्हायच्या कितीतरी आधी ती मनानं घरी गेलेली असायची.

पुढे मेहुण्याच्या भाच्यानं अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाची माहिती दाखवली. त्यांनी २०१२पासून विद्यार्थ्यांच्या आठशेवर खुणांवर संगणकानं नजर ठेवली. कुठं घसरण दिसली की सल्लागार लगेच बोलावून घेतो. २०११पासून थोडक्या थकबाकीपायी नाव कमी व्हायची वेळ आलेल्यांना ते छोटी मदतही देतात. भाऊसाहेब म्हणाले, "आठशे खुणा त्यांच्याकडं राहू देत, आपल्याला तीन बास." पहिल्या सहा आठवड्यांची हजेरी, शिष्यवृत्तीच्या अर्जाची स्थिती आणि एम-वनची पहिली चाचणी. तिन्हींपैकी दोन लाल झाल्या की वर्गशिक्षकानं घरी फोन करायचा, वडिलांना नव्हे, आधी मुलाला. आमचं सगळं सॉफ्टवेअर अजूनही यावरच उभं आहे.

दर प्रवेशामागे पैसे घेणं बंद करून आम्ही वर्षाची ठरावीक रक्कम घ्यायला लागलो. सातपैकी पाच कॉलेजांनी नमस्कार केला. एका संस्थेचे सचिव तोंडावर म्हणाले, "पोरगं गेलं तरी फी आलेली असते ना!" नंबरांच्या याद्या आम्ही जाळल्या. ही फुशारकी नाही, रद्दीत घालायला भीती वाटली म्हणून.

२०२०ला सीईटीच ऑक्टोबरात झाली. ते वर्ष जेमतेम निभावलं, फ्लेक्सचं मशीन विकलं. २०२१च्या ऑक्टोबरात कॉलेजं उघडली आणि लगेच एसटीचा संप लागला, तो एप्रिलपर्यंत काही ना काही चालूच होता. आमच्या पडद्यावर पाटण भागातली सगळी पोरं लाल! तीन खुणांना त्यातलं काही कळेना, कारण पोरं आळशी नव्हती आणि हुशारीतही कमी नव्हती, त्यांना यायला गाडी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक नावापुढे 'गाव आणि गाडीची वेळ' असा रकाना आहे. मुलींच्या बाबतीत तो जास्त बोलतो, कारण बारावीपर्यंतचा फुकट पास पदवीला आल्यावर संपतो आणि घरात पहिली कुरबुर तिथं सुरू होते. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यानं थोडी हवा सैल झाली.

२०२४ साल आमच्यासारख्यांना जड गेलं. एआयसीटीईनं शाखेच्या जागांवरची मर्यादा काढली आणि पुण्याच्या मोठ्या कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. तालुक्याच्या कॉलेजात मेकॅनिकल, सिव्हिलचे वर्ग ओस. त्याच वर्षी ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींची शिक्षण व परीक्षा फी शासनानं पूर्ण माफ केली. इथंही अट कॅपचीच. जुलैत आमच्या फोनवाल्या मुली आता प्रवेश घ्या म्हणत नाहीत, 'फेरी संपेपर्यंत थांबा' म्हणून सांगतात. कॉलेजवाले यावर चिडतात.

सध्या चार कॉलेजं आमच्याकडे आहेत, माणसं सहा. एका कॉलेजात गुरुवारचं प्रॅक्टिकल सव्वापाचला सुटायचं आणि ढेबेवाडीकडची गाडी पाच दहाला. अकरा पोरी दर गुरुवारी गैरहजर दिसायच्या. प्राचार्यांनी प्रॅक्टिकल सकाळी घेतलं, आता त्यातल्या नऊ जणी येतात. उरलेल्या दोघींच्या गावाला गाडीच चारची आहे. आगारात तिसरा अर्ज दिलाय, पोच घेऊन भाऊसाहेबांनी फायलीला लावलीय.