दोनशे तेरा रुपये

मंगळवारी दुपारी सावद्याकडचे एक केळीवाले शेतकरी मुलीला घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी कमिशनवर म्युच्युअल फंड विकतो. "भाऊ, एसआयपी मोडायची. पोरीले पुन्याले धाडतो."

फंडात महिना 3,000 चे 70 हप्ते. भरले 2,10,000, झाले 3,20,000. वर्ष उलटलेल्या हप्त्यांवरचा नफा सव्वा लाखाच्या आत, म्हणजे त्यावर कर नाही. शेवटच्या बारा हप्त्यांवर तेवढा 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याची कपात.

मुलीने माहितीपत्रक पुढे केलं. खाजगी कॉलेज, फायनान्शियल प्लॅनिंगची पदवी, फी-होस्टेल-मेस धरून तीन वर्षांचे 11 लाख. मागच्या पानावर टाय लावलेली पोरं. यातली किती जण पुढे बँकेत बसून विम्याच्या टार्गेटमागे पळतात, ते कुठल्याच पानावर नसतं. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हेही बापाला कुणी सांगितलं नव्हतं. बँकेतला साहेब थेट सातबारा मागून मोकळा झाला होता.

मी पाठकोरा कागद ओढला. "माझ्या धंद्याला एनआयएसएम या बाजार-प्रशिक्षण संस्थेची परीक्षा लागते. फी 1,500, प्रश्न 100, वेळ दोन तास, 50 मार्कांना पास. मग एआरएन, म्हणजे फंड विकायचा नोंदणी नंबर काढायचा. फैजपूरला बीकॉम कर, सोबत ही दे. सीएफपीचं, म्हणजे प्लॅनरच्या वरच्या सर्टिफिकेटचं, पुढे बघू." मग कमाईचा हिशोब मांडला. लोकांचे 1 कोटी सांभाळले तर 0.8 टक्के कमिशनने वर्षाला 80,000, म्हणजे महिन्याला सात हजारही नाहीत. 50,000 हवेत तर साडेसात कोटी जमवा, तेही पैसा आधी सोन्यात आणि मग शेतात घालणाऱ्या आपल्या भागात. फी घेऊन सल्ला द्यायचा तर बाजार नियामक सेबीची नोंदणी वेगळी. पण नुसत्या सल्ल्याचे पैसे इथे देतो कोण? मला आजवर केळीचे घडच मिळालेत.

मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "काका, आम्ही पैसे काढले तर तुमचं कमिशन बंद होईल ना?"

"होईल."

कमिशन सहामाही स्टेटमेंटमध्ये छापून येतं, पण ते वाचतं कोण. बाप माझ्याकडे बघतच राहिला. "मंग आतापर्यंत कधी बोलले नाही भाऊ तुम्ही?"

पदवीच्या आधीच हा प्रश्न सुचलेल्या पोरीला मी अर्धा तास या धंद्यापासून लांब ठेवत होतो. पैसे मोडू नका हे त्यांच्यासाठीच म्हणत होतो, असं मला अजून वाटतं. बहुतेक.

पैसे काढायचा ओटीपी बापाच्या मोबाईलवर आला, वाचून दाखवला तिने. ते गेल्यावर मी कॅल्क्युलेटर घेतला. 3,20,000 वर 0.8 टक्के, भागिले बारा. महिन्याला 213 रुपये.