कानातला आवाज आणि मनाची गोळी

टिनिटस, म्हणजे बाहेर काही नसताना कानात ऐकू येणारा आवाज, असलेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी लिहून दिली की तो आधी पाकिटातलं माहितीपत्रक उलगडतो. बारीक अक्षरांतल्या दुष्परिणामांच्या यादीत ‘टिनिटस’ हा शब्द सापडतो आणि पाकीट न फोडताच कपाटात जातं. ही भीती अगदी समजण्यासारखी आहे. आवाज आधीच नकोसा झालेला असतो, त्यात भर कोणाला हवी असेल? पण त्या भीतीपायी महिनोन्‌महिने नैराश्य अंगावर काढणं जास्त धोक्याचं आहे. झोप उडते, माणूस घरात कोंडून घेतो, आणि शांत खोलीत एकट्या पडलेल्या माणसाला आवाज आणखी मोठा वाटतो.

गोळी निवडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की हवी. टिनिटस बंद करणारी गोळी आज उपलब्ध नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की निव्वळ टिनिटससाठी नैराश्यावरची, चिंतेवरची किंवा फिट्सवरची औषधं सरसकट देऊ नयेत. कोक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१२ च्या आढाव्यात सहा चाचण्यांमधले ६१० रुग्ण तपासले गेले. नैराश्यावरच्या गोळ्यांनी टिनिटस बरा होतो असा ठोस पुरावा त्यातून मिळाला नाही. म्हणजे गोळी घ्यायची ती मनासाठी आणि झोपेसाठी, आणि तिची परीक्षाही तिथेच करायची. सहा आठवड्यांनी झोप लागतेय, छातीतली धडधड कमी झालीय, पण आवाज तेवढाच आहे, तर गोळी लागू पडली असंच समजावं. बऱ्याच जणांचा आवाज तसाच राहतो आणि त्याचा जाच मात्र कमी होतो. हा फरक लहान नाही.

त्याआधी कान तपासलेले हवेत. श्रवणचाचणी झाली नसेल तर आधी ती करावी. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बघितल्याशिवाय सगळं ‘टेन्शन’वर ढकलू नये. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. चालू असलेल्या इतर औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवावी. मोठ्या डोसमधली अ‍ॅस्पिरिन, फ्युरोसेमाइड, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं यांचा कानावर परिणाम होऊ शकतो, आणि मग दोष भलत्याच गोळीला जातो.

आता गोळ्यांकडे येऊ. बहुतेक वेळा सुरुवात मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढवणाऱ्या, नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनने होते. घोटाळा होतो तो पहिल्या दोन आठवड्यांत. गोळीचा चांगला परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पण अस्वस्थता, मळमळ आणि कच्ची झोप पहिल्या काही दिवसांतच येते. त्या अर्धवट झोपेत कान टवकारलेले राहतात, आवाज चढल्यासारखा वाटतो, आणि पाचव्या दिवशी ‘मला ही गोळी सोसत नाही’ म्हणून माणूस ती बंद करतो. यावर साधा उपाय म्हणजे कमी डोसने सुरुवात. एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅमऐवजी आठवडाभर ५, सर्ट्रालिन ५० ऐवजी आठवडाभर २५, हे डॉक्टरांना सुचवायला काहीच हरकत नाही; चिंता जास्त असलेल्यांना ते स्वतःहूनही असंच देतात. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी, पोटात ढवळत असेल तर खाण्याबरोबर. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्या एकाला तरी माहीत असावं. असे विचार कोणत्याही वयात आले तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

या गोळ्यांनी आवाज खरंच वाढू शकतो का? काहींचा वाढतो. २०१७ साली ओरेगॉनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या, कानाकडून आलेले संदेश जिथे पहिल्यांदा पोचतात त्या भागातल्या काही पेशी सेरोटोनिनमुळे जास्त उत्तेजित होतात असं दाखवलं. म्हणून रुग्णाची तक्रार उडवून लावू नये. पण तो प्रयोग उंदरांच्या मेंदूच्या कापांवरचा होता. तुमचा आवाज वाढेलच असं त्यावरून ठरत नाही.

एक कारण मात्र हमखास नजरेतून सुटतं, ते म्हणजे जबडा. एसएसआरआयमुळे काही जण झोपेत दात करकरा खातात. जबड्याचे आणि मानेचे स्नायू आवळले की अनेकांचा टिनिटस बदलतो. शांत खोलीत बसून दहा सेकंद दात घट्ट आवळा, मग जबडा सैल सोडा. आवाजाची पट्टी किंवा जोर तेवढ्यात बदलला, आणि सकाळी उठल्यावर कानशिलं दुखत असली, तर गोळी बदलण्याआधी दंतवैद्यांना दाखवा आणि डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. रात्री दातांवर बसवायचा गार्ड काहींना पुरतो.

व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाबद्दल माझं मत सावध आहे. औषध चांगलं आहे, पण वेळा चुकवणाऱ्यांसाठी नाही. ते शरीरातून काही तासांतच उतरायला लागतं. रात्रीची गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड आणि कानातला आवाज वाढणं, हे सगळं एकदम येऊ शकतं. माणसाला वाटतं आजार उलटला. खरं तर एक गोळी सुटलेली असते. पॅरॉक्सेटिनचंही बऱ्यापैकी असंच. फ्लुऑक्सेटिन याच्या अगदी उलट आहे. ते आणि त्यापासून शरीरात तयार होणारं द्रव्य कित्येक दिवस टिकतं, त्यामुळे एखादा डोस सुटला तरी सहसा जाणवत नाही.

ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरच्या आणखी एका औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात आकडा दिलेला आहे: रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६ टक्के लोकांनी टिनिटसची तक्रार केली, तर तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांनी. म्हणजे शंभरातल्या ९४ जणांना तो त्रास झाला नाही. तरीही आधीच टिनिटस असेल, त्यातून चिंता आणि निद्रानाशही असेल, तर हे औषध पहिलं निवडू नये असं मला वाटतं. ते उत्तेजक आहे. सुस्ती हीच मुख्य तक्रार असेल तर गोष्ट वेगळी.

झोपच लागत नसेल तर नैराश्यावरचंच मिर्टाझापिन विचारात घेण्याजोगं आहे. रात्री १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसला गुंगी चांगली येते. भूक आणि वजन मात्र वाढतं, म्हणून पहिल्याच दिवशी वजन लिहून ठेवा. नॉर्ट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषध आहे. नैराश्य आणि त्रासदायक टिनिटस दोन्ही असलेल्यांवर झालेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मनाबरोबर आवाजाचा त्रासही कमी झालेला दिसला. पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि हृदयाचा आजार असेल तर ईसीजी काढल्याशिवाय ते सुरू करू नये.

अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या चिंतेवरच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. पहिल्या रात्री यांच्याइतका आराम दुसरं काहीच देत नाही, आणि म्हणूनच ती सुटत नाहीत. दोन ते चार आठवड्यांपलीकडे रोज घेतली की शरीराला सवय लागते, आणि मग अचानक थांबवली तर चिंता, निद्रानाश, आवाजाची असह्यता, क्वचित फिटसुद्धा येते. वाईट दिवसांसाठी मोजक्या गोळ्या, संपण्याची तारीख ठरवून, एवढंच त्यांचं काम. आधीपासून रोज चालू असतील तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवा.

गोळी सुरू करण्याआधी सात दिवस एक वही ठेवा. रोज एकाच वेळी, समजा रात्री नऊला, चार आकडे: आवाज किती मोठा (० ते १०), त्याचा जाच किती (० ते १०), झोप किती तास, चिंता किती (० ते १०). बाजूला सर्दी, जागरण, मोठ्या आवाजातला कार्यक्रम, सुटलेली गोळी याची नोंद. हे सात दिवस का? कारण टिनिटस गोळीशिवायही वरखाली होतो. आधीच्या आठवड्यातच आवाज ४ ते ८ मध्ये हिंदकळत असेल, तर गोळीनंतरच्या एका ७ वरून काहीच ठरत नाही. दिवसातून एकदाच लिहा. तासातासाला आवाज तपासत बसलात तर लक्ष तिथेच खिळतं. आणि एका वेळी एकच बदल करा. नवी गोळी, नवं श्रवणयंत्र आणि कॉफी बंद हे एकाच आठवड्यात केलं तर कशाने काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

आवाज आधीच्या पट्ट्याच्या वर सलग दोन आठवडे राहिला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करणं, वेळ बदलणं, त्याच गटातली दुसरी गोळी देऊन बघणं, असे मार्ग असतात. एक सोसली नाही म्हणून सगळा गट बाद होत नाही. शक्य असेल तर बरोबरीने सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा समुपदेशनाचा उपचार, सुरू करा. टिनिटसचा जाच कमी करण्याबाबत कोणत्याही गोळीपेक्षा त्याच्या बाजूने जास्त पुरावा आहे, आणि कानावर त्याचा दुष्परिणाम नाही.

थांबवतानाही घाई नको. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात, मग उतरवतात. वरचे डोस कमी करणं सोपं जातं, शेवटचे काही मिलिग्रॅम अवघड, कारण लहान डोसलाही मेंदूवरचा परिणाम बराच असतो. एस्सिटॅलोप्रॅम १० वरून ५ ला आणताना काही जाणवलं नाही म्हणून ५ वरून थेट शून्यावर येऊ नका. मध्ये अडीच, जमल्यास त्याहूनही कमी, आणि प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. त्या दिवसांत आवाज वाढला तर वहीत आधी हे बघा, की तो डोस उतरवल्यापासून किती दिवसांनी वाढला.