42 टक्के, आणि न केलेलं अपील

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा आधी टक्के बघितले. 42. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, उजवा पाय बारीक आणि आखूड राहिला तो कायमचाच. आणि कागदावर 42! घरी येईपर्यंत मी बायकोशी बोललो नाही.

राग आकड्याचा कमी, तपासणीचा जास्त होता. रांग मोठी होती. डॉक्टरांनी पाय वाकवायला लावला, तळहात टेकवून जोर लावायला सांगितलं, झालं. पाय आखूड किती, हे टेप लावून कुणी मोजलंच नाही. मी शिलाईकाम करतो. माप न घेता कपडा कापला तर गिऱ्हाईक सोडतं का?

गावातले एक गुरुजी, तेही पोलिओचेच, म्हणाले, "2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 59 हाय. अपील टाक. 65 झाले की एस्टीत सोबतच्या माणसाला अर्धं तिकीट."

अर्ज लिहायलाही घेतला. पण मशीनवर बसलो की डोक्यात हिशेब सुरू व्हायचा. अपिलात नुसता टेप लावून सोडणार नाहीत, अख्खा पाय पहिल्यापासून तपासतील, ही धास्ती होती. स्नायूंचा जोर 0 ते 5 अशा पायऱ्यांत मोजतात, आणि त्यात डॉक्टरच्या हाताचा अंदाज असतोच. एकानं 3 दिले तिथं दुसरा 4 देऊ शकतो, आणि जोर जास्त धरला की टक्के कमी. आणि 40 च्या वर माझ्याकडे दोनच टक्के.

40 च्या खाली गेलो तर संजय गांधी निराधारचे पैसे बंद. एस्टीची 75 टक्के सवलत बंद. ग्रामपंचायतीच्या 5 टक्के दिव्यांग निधीतूनही नाव जाणार. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमचं सोयाबीन उभ्या शेतात कुजलं. त्यानंतर निराधारचे 1,500 चे 2,500 झाले, आणि किराणा त्याच्यावरच निघाला. शिवाय माझ्या सर्टिफिकेटवर 'कायमस्वरूपी' लिहिलंय. म्हणजे पुन्हा तपासणीचं दार मीच उघडणार होतो.

उलट बाजूनंही मोजून बघितलं. पाय आखूड असला तर पहिला अर्धा इंच सोडून पुढच्या दर अर्ध्या इंचाला 4 टक्के धरतात, असं गुरुजींकडूनच कळलं. माझा फरक दोन इंच धरला तर 12. सरळ बेरीज केली तरी 54. 65 कुठं आणि 54 कुठं! आणि 42 असो की 54, मला मिळणाऱ्या पैशात, सवलतीत एका रुपयाचा फरक नाही.

बायको भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "सोबत मीच येते ना? बायांना एस्टीत अर्धंच तिकीट हाय की."

खरंच! मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. ती दर वेळी माझ्या शेजारी बसून तेच काढते, आणि मी तिच्याच तिकिटासाठी सगळं पणाला लावायला निघालो होतो.

अर्ज फाडला. सोपं गेलं नाही. ज्यांना 38-39 देऊन दारातच अडवलंय, त्यांनी मात्र अपील जरूर करावं. त्यांच्या हातातून जाण्यासारखं काही नाही. माझ्या हातात होतं.

पुढं साहित्य वाटपाच्या शिबिरात त्याच 42 टक्क्यांच्या कागदावर कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आणि उंच तळाचा बूट मंजूर झाला. माप घेणाऱ्या पोरानं मला बाकावर आडवं केलं, दोन्ही पायांना टेप लावला, परत एकदा लावला आणि वहीत लिहिलं: दोन इंच.