वास यायलाय, खरं लई घाण

ओपीडी संपत आली होती. चटणीवाल्या काकी दारातूनच म्हणाल्या, “डॉक्टर, वास यायलाय, खरं लई घाण यायलाय. तुमच्या त्या बाटल्या टाकल्या फेकून.”

मला बरं वाटलं. ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण काकी आणखीच भडकल्या.

काकी कोल्हापुरात लोकांना वर्षाची कांदा-लसूण चटणी करून देतात. एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला, ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. जूनमध्ये तपासलं तेव्हा लवंगतेल नाकाशी धरलं तरी ढिम्म. अमोनिया धरला मात्र आणि मान झटक्यात मागे! सोबतच्या सुनेला वाटलं, सासूबाई नाटक करतायत. खरं तर उलट आहे. अमोनियाची झोंब वासाच्या नसेतून जात नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून जाते. ‘अमोनियाही कळत नाही’ म्हणणाऱ्याचाच आम्हाला संशय येतो.

मिरचीचा ठसकाही त्याच दुसऱ्या वाटेने पोचतो. म्हणून संकेश्वरी आणि ब्याडगीचा मेळ काकींना जमत होता, पण खोबरं कधी करपलं ते कळत नव्हतं. गिऱ्हाईक चटणी परत घेऊन आलं. एकदा शेगडी विझून गॅस सुटला, तो सुनेच्या नाकामुळे कळला.

बाटल्या चार: गुलाब, लिंबू, नीलगिरी, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली याच चार वासांचा १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. कुणाला हा आजीबाईचा बटवा वाटतो. पण व्हायरल आजारानंतर गेलेल्या वासासाठी माझ्याकडे याहून भरवशाचं औषध नाही.

“फोडणी दिली की मेलेल्या उंदरागत,” काकी म्हणाल्या. कांदा, लसूण, कॉफी; बहुतेकांची तक्रार याच वासांची. त्यांतली गंधकयुक्त द्रव्यं कणभर असली तरी नाकाला पकडता येतात, म्हणून अर्धवट सावरलेल्या नाकाला आधी तीच सापडतात, बाकीचा सुवास हरवतो. वासाच्या पेशी नव्याने उगवतात, त्यांचे धागे कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूकडे जातात आणि सुरुवातीला जोडणीत घोळ होतो. हा घोळ बऱ्याचदा वास परतू लागल्यावर होतो. हे सगळं मी काकींना सांगितलं. पूर्ण बरं वाटेलच असा शब्द मात्र दिला नाही.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तुमचा गुलाब माझ्या काय कामाचा? धनं, दगडफूल, जायपत्री घेऊ?”

काही महिन्यांनी वास बदलले तर फायदा होतो असे अभ्यास आहेतच, आणि रोजच्या कामातले वास काकी मन लावून हुंगतील हे मला पटलं. कांदा-लसूण तेवढा तूर्त लांब ठेवायला सांगितलं.

पुढच्या हंगामात धणे आणि दगडफूल त्यांना डोळे मिटून ओळखता येत होतं. खोबऱ्याच्या कढईपाशी सूनच उभी राहायची. कॉफीला अजून घाण येते, पण तिचं काकींना काही वाटत नाही. “च्या हाय की,” म्हणतात.