एटनाची छोटी लाईन आणि आपली पीजे

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेरची छोटी गाडी, म्हणजे पीजे, ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इटलीच्या सिसिली बेटावरची चिर्कुमेत्नेआ रेल्वे चटकन कळेल. कातानियाकडून निघायचं, एटना ज्वालामुखीला वळसा घालायचा आणि रिपोस्तोला समुद्राकाठी उतरायचं, अशी ही सुमारे ११० किलोमीटरची लाईन. १८९५ साली सुरू झाली, १८९८ साली रिपोस्तोपर्यंत पोचली. आपली पीजे ५६ किलोमीटर होती, म्हणजे तिच्या निम्मी.

पीजेचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर होतं, अडीच फूट. तिकडे ९५०. इटलीत तेव्हा माप एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत धरलं आणि ते ठेवलं एक मीटर. आतल्या कडेपासून मोजलं की ९५० उरतात. दोन्ही गेजांतला फरक वीतभराहूनही कमी.

खरा फरक जमिनीचा. दगड दोन्हीकडे लाव्ह्याचाच. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षं जुना, झिजून त्याची काळी माती झालेला. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचलं की गाडीच्या दाबाने चिखल खडीतून वर येतो, रुळाखालच्या आडव्या स्लीपरचा आधार जातो आणि रुळाचा सांधा खाली बसतो. अशा जागी नुसतं पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून भरणं, करत राहणं म्हणजे वाया गेलेली मजुरी. चिखल धरलेली खडी काढा, बाजूच्या चाऱ्या मोकळ्या करा, माती आणि खडीच्या मध्ये जाड वाळूचा किंवा चांगल्या मुरमाचा थर द्या, तेव्हा लेव्हल टिकते.

एटनाला लाव्हा अजून ताजा आहे. १९२८ ला त्याने मास्काली गाव गिळलं आणि लाईन तोडली. मार्च १९८१ मध्ये रांदात्सोच्या बाजूला पुन्हा तोडली. लगेच रूळ टाकून भागत नाही. वरची खपली गार लागते, पण जाड थराच्या पोटात महिनोन्‌महिने धग असते, राखेखालच्या निखाऱ्यासारखी.

राखेचा त्रास वेगळाच. तिचे कण काचेसारखे धारदार. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या पॉइंटच्या हलत्या जिभेत शिरले की जीभ रुळाला नीट चिकटत नाही. आधी कोरडी झाडायची, मगच तेल. उलट केलं तर राख-तेलाचा लगदा होतो आणि लोखंड घासून खातो.

लाईन मालेत्तोजवळ ९७६ मीटरवर चढते. ब्रोंते, पिस्त्यांचं गाव, त्याच्या आधी लागतं. कातानियाकडून जाताना उजवीकडची खिडकी धरा, एटना सगळा वेळ त्याच बाजूला राहतो. रविवार मात्र टाळा, तिथली गाडी सहसा सुट्टीच्या दिवशी धावत नाही.